कड्या बाहेरून असलेलं ऑफिस

ऑफिसला विचित्र जागा मिळाली की किस्से शोधावे लागत नाहीत, फायलींसारखे आपोआप साठत जातात! चेन्नईत आमचं सरकारी ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिथे पूर्वी मनोरुग्णालय होतं. इथे बदली झाल्याचं अकोल्याला आईला कळवलं, तर म्हणाली, "पोचलास शेवटी!"

एका रिक्षावाल्याने पत्ता ऐकून विचारलं, "भेटायला, की राहायला?" मी म्हटलं, "रिटायर होईपर्यंत." त्याने भाडंच घेतलं नाही. चेन्नईच्या रिक्षावाल्याने!

*

इथल्या सगळ्या दारांना कड्या बाहेरून. संध्याकाळी त्या लावायचं काम अक्काचं. अक्का तंजावरकडची मराठी. तरुणपणी भावाने तिला इथे आणून सोडलं. ती बरी झाली, पण न्यायला कोणी आलं नाही. हॉस्पिटल बंद पडलं, आम्ही आलो, आणि ती मागच्या खोलीत राहून झाडलोट करत राहिली.

एकदा आमचे नागपूरचे डायरेक्टर ऑफिस सुटल्यावरही केबिनमध्ये बसून राहिले. अक्काने सवयीने कडी घातली. साहेब दार बडवायला लागले, "अहो, मी डायरेक्टर आहे!"

अक्का शांतपणे म्हणाली, "सगळे तसंच म्हणतात. निजा आतां. सकाळीं डॉक्टर येतील."

*

माझा बदलीचा अर्ज पुन्हा फेटाळला, त्या दुपारी मी डबा न उघडता व्हरांड्यात बसलो होतो. खरं सांगतो, रडत होतो. अक्का शेजारी येऊन बसली.

"सुरवातीसच जड जातें," ती म्हणाली. "मग घरचे यायचे बंद होतात. मग हलकं वाटतें."

मी डबा तिलाच देऊन टाकला.

*

मग ऑर्डर आली. इमारत पाडणार, ऑफिस तांबरमला हलणार. टेबलं-कपाटं ट्रकमधून जाणार होती, अक्का कुठे जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी वरती विचारलं. उत्तर आलं, "मागे राहील ते कंत्राटदार बघेल."

आमच्यातला राजारामराव तंजावरी. त्याने नातेवाइकांत विचारत विचारत तिचा भाऊ शोधून काढला. कुठे? वेस्ट मांबलमला! इतकी वर्षं, इतक्या जवळ! 'घरी नेतो' असं कबूल करवून मंगळवारी राजारामराव त्या म्हाताऱ्याला घेऊनच आला. आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो.

अक्काने त्याला लगेच ओळखलं. झाडू भिंतीला टेकवला, पदर सारखा केला.

"अय्यो अण्णा, आज भेटीचा वार न्हवे! रागें भरतील. आदितवारीं ये."

"अक्का, आता इथे हॉस्पिटल नाही हो!" राजारामराव कळवळून म्हणाला. तिने ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं.

भावाने आमच्याकडे पाहिलं, मग गेटकडे. "सरि, आदितवारीं येतों," म्हणाला आणि भराभरा निघून गेला.

शनिवारी आमचा शेवटचा ट्रक भरला. मी म्हटलं, "अक्का, चला, निदान आमच्या घरी चला."

रिकामा व्हरांडा झाडता झाडता ती म्हणाली, "आज कसं येऊं? उद्यां अण्णा येतो की!"