आमच्या पाळणाघरातली पडझड

भुसावळला रेल्वे कॉलनीजवळ मी आणि नसीमभाभी पाळणाघर चालवतो. दोन-तीन वर्षांची पोरं. त्यामुळे "आज काय झालं?" असं कोणी विचारलं, की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

मे महिन्यात मी खिचडी गरम करत असताना आर्यनने भांड्याला बोट लावलं. त्याला न्यायला आलेली आजी टूथपेस्ट शोधायला धावली. भाभी म्हणाली, "अक्का, पेस्ट राहू द्या. नुसतं गार पाणी." पण नळाला टाकीचं पाणी, तेही चटका देणारं. मग आर्यनला माठाच्या तोटीखाली बसवलं. वीसेक मिनिटं बारीक धार. बोट जरा लाल झालं, एवढंच. तोटी बंद केली, तर पठ्ठ्याने दुसरा हात पुढे केला.

*

कबीरने आतून खोलीची कडी लावली आणि रडायला लागला. चोपड्याहून आलेले त्याचे आबा दार फोडायला निघाले. भाभी दाराशी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "कबीर, कडी काढू नको हं. आबांना आत यायचंय. अजिबात काढू नको."

खट्ट. कडी निघाली.

आबा म्हणाले, "याना बापबी असाच शे."

*

गार्गीने नाकात शेंगदाणा घातला. मी चिमटा आणला, भाभीने तो माझ्या हातातून काढून घेतला. "आत जाईल अजून. डॉक्टरकडे चल." रिक्षात मी सारखी तिच्या नाकाकडे बघत होते, गार्गी मात्र मजेत. डॉक्टरांनी अलगद दाणा काढला. हरभरा!

"शेंगदाणा म्हणालात ना?" त्यांनी पुन्हा टॉर्च लावला. "हां, तो या बाजूला आहे."

*

परी पायरीवर पडली, हनुवटी फुटली. भाभीने तिला मांडीवर घेतलं, स्वच्छ फडका जखमेवर धरला. "दाबून धरायचं. हलायचं नाही. थांबतं आपोआप." परी हुंदके देत तशीच बसली. रक्त थांबत आलं.

तेवढ्यात तिचे पप्पा आले. मालगाडी चालवणारा धिप्पाड माणूस. लाल फडका बघितला, भिंत धरली आणि सावकाश खाली बसले. मग आडवेच झाले. आम्ही दोघी तिकडे धावलो. मी पाय वर उचलले, भाभीने शर्टाची वरची बटणं सोडली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा परी शेजारी उकिडवी बसली होती. आपला फडका तिने त्यांच्या हनुवटीवर गच्च धरला होता.

"पप्पा, हलायचं नाही."

ते हलले नाहीत.