न पुकारलेलं नाव

ज्योत्स्ना मॅडमना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. बुऱ्हाणपूरच्या मास्तरांना त्या सतरा वर्षं एकच गोष्ट शिकवत आल्या आहेत: अपंग मूल वर्गात आणून बसवलं म्हणजे ते वर्गातलं झालं, असं नाही. मास्तर प्रशिक्षणाला येतात, सही करतात, समोसा खातात आणि जातात.

त्या सोमवारी त्यांचा आवाज अगदी तळाला गेला होता. आदल्या आठवड्यात त्या धूलकोटला अमृताच्या घरी जाऊन आल्या होत्या. अमृताला ऐकू येत नाही. पाचवीतली पोर, पण पंधरा दिवस शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"पोरीले तठे कोणी बलावतच नाही, मॅडम," तिची आई सोजरबाई म्हणाली. "मंग कायले जायचं? बापासंगे केळीत जाऊ दे."

मॅडमनी शाळेत जाऊन पाहिलं, तर खरंच. तिचे पहिलीपासूनचे मास्तर नंदकुमार सर साऱ्या वर्गाची नावं पुकारत. अमृताचं आलं की मुकाट्याने वहीत खूण, आणि पुढे. पाच वर्षं! बाकीची पोरं "हाजिर सर" म्हणत ताठ उभी राहायची, जणू रंगमंचावर एंट्री. हिची एंट्री कधी आलीच नाही.

"अहो, ऐकूच येत नाही तर पुकारायचं कशाला? फुकट टाइम खोटी!" सोमवारच्या प्रशिक्षणात नंदकुमार सर म्हणाले. मागची बाकं हसली.

मॅडमनी प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक उघडलं आणि एकेक नाव खणखणीत पुकारलं. नंदकुमारांचं आलं तेव्हा नुसती खूण केली.

"मॅडम, माझं राहिलं."

"समोर दिसताय की. टिक केलीय."

"पण नाव तरी घ्या ना! चाळीस लोकांत बरं दिसतं का हे?"

"एका दिवसात इतकं झोंबलं, सर?"

हसू बंद. मॅडमनी दोन बोटं भुवईवरून फिरवली. अमृताच्या भुवईवर व्रण आहे. घरी तिला याच खुणेने हाक मारतात. सरांनी करून पाहिली.

"माशी नका हाकलू, सर. नाव आहे ते. पुन्हा करा."

गुरुवारी मॅडमच्या सांगण्यावरून सोजरबाई लेकीला शाळेत घेऊन आली. हजेरीत तिचं नाव येताच सरांनी पेन खाली ठेवलं, अमृताकडे पाहिलं, बोटं भुवईवरून नेली. अमृता ताडकन उभी राहिली. बसेचना. हातानेच म्हणाली, पुन्हा.

दारात मॅडमसोबत उभ्या असलेल्या एका मास्तरांनी टाळी वाजवली. मॅडमनी त्यांचा हात धरला.

"कौतुक कसलं? पहिलीत पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं हे."