पाठमोरी अक्का

डिस्क आणि कॅसेट दोन्ही लावता येणारा नवा प्लेअर बघायला आम्ही जळगावच्या दुकानात गेलो होतो. तिथे धरणगावची एक अक्का मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली होती. पदराचं टोक सारखं पिळत होती. दुकानदाराने कॅसेट लावली. मंगलाष्टका सुरू होताच तिने टीव्हीकडे पाठ केली.

"अक्का, लग्नाला वर्ष झालं, आता तरी बघा!" तो हसला.

"लगीन लागताना मायनी देखानं नही, भाऊ." मग तिने मला विचारलं, "बाई, तू देख ना. पोर रडी ऱ्हायनी का?"

अंतरपाटामागे मुलगी मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. एरवी मी अनोळखी माणसांशी बोलत नाही.

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला शोधतेय."

अक्का गर्रकन वळली. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. दुकानदाराने कॅसेट मागे फिरवली.