तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझा रूममेट या जगात कुठेही उपाशी राहू शकत नाही, असं माझं जाहीर विधान आहे. त्याला वाळवंटाच्या मधोमध नेऊन सोडा. तासाभरात कुठली तरी आजीबाई तंबूतून डोकं बाहेर काढून विचारेल, "काही खाल्लंस का रे?" हा म्हणेल, "नको नको, कशाला उगाच!" आणि सूर्य मावळायच्या आत त्याच तंबूत मांडी ठोकून दुसऱ्यांदा वाढून घेत असेल. हे मी कौतुकाने सांगतोय असा कुणाचा समज होऊ नये. मी हे हेव्याने सांगतोय. ज्या घरात चळवळीची पत्रकं दुमडता दुमडता मी लहानाचा मोठा झालो, तिथे मनातलं स्पष्ट बोलायची शिकवण होती, म्हणून स्पष्ट बोलतो: दोन वर्षं मी त्या माणसावर जळत होतो आणि अजूनही पुरता विझलेलो नाही.

आम्ही राहत होतो कॅन्ससमधल्या एका स्वीडिश गावात. म्हणजे तिथल्या लोकांचे आजे-पणजे स्वीडनहून गहू पेरायला आले आणि परत गेलेच नाहीत. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत गहू आणि मध्ये एक चर्च, एक बेकरी, धान्याचं उंच कोठार आणि नीटनेटकी लाकडी घरं. प्रत्येक दारावर रंगवलेला लाकडी घोडा आणि घोड्याच्या पाठीवर घराचं आडनाव. युनिव्हर्सिटी तिथून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर. मी धान्यविज्ञान शिकायला नागपूरहून आलेला, तो कॉम्प्युटर शिकायला साताऱ्याहून. एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. पहिल्या सकाळी खालून कसलासा वास आला. हा अंथरुणातच ताडकन उठून बसला. "वेलदोडा! अरे, बाई वेलदोडा घालून पाव भाजतायत. क्रांतिवीरा, ऊठ, हे आपलेच लोक आहेत!" मला तो क्रांतिवीर म्हणत असे. मी त्याला काहीच म्हणत नसे, कारण जे म्हणावंसं वाटे ते छापण्यासारखं नसे.

घरमालकीणबाई उंच, ताठ आणि अतिशय अबोल. त्यांची दोन वाक्यं एकमेकांना क्वचितच भेटत. अशा बाईंना या माणसाने आठवड्याभरात "मावशी" म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, "त्यांना अर्थ तरी कळतो का?" तो म्हणाला, "अर्थ कशाला कळायला पाहिजे? ओ दिली की झालं." आणि बाई ओ द्यायच्या! तो त्यांच्याशी अर्धं मराठीच बोलायचा. बर्फ पडला की "मावशी, आज काय खरं नाही बघा," आणि बाई खिडकीतून पाहत गंभीरपणे मान डोलवायच्या. मी त्यांच्याशी व्याकरणशुद्ध इंग्रजीत हवामानाबद्दल बोलायला गेलो, तर त्या "हो का" म्हणून भांडी घासायला लागायच्या.

रविवारी चर्चहून आल्यावर बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी मांडत. वेलदोड्याचा पाव, मग साध्या बिस्किटांची बशी, मग बदामाच्या बिस्किटांची. खिडकीजवळची खुर्ची बाईंच्या दिवंगत नवऱ्याची, तिथे कुणी बसायचं नाही. पहिल्या रविवारी त्यांनी जिन्याखालून आम्हाला विचारलं, "कॉफी घेणार?" हा म्हणाला, "नको नको, तुम्हाला त्रास." मी म्हटलं, "हो, आवडेल." माझे वडील सांगायचे, जायचं असेल तर पहिल्या बोलावण्याला सरळ हो म्हणायचं, नसेल तर सरळ नाही. कुणाच्या दाराशी पुन्हा बोलावण्याची वाट पाहत ताटकळायचं नाही. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ ताटकळून झालंय. तेव्हा मी खाली जाऊन बसलो. बाईंनी पुन्हा हाक मारली. हा म्हणाला, "नाही, खरंच नको." तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा साहेब केस विंचरून, हसऱ्या चेहऱ्याने, जणू नाइलाज झाल्यासारखे उतरले आणि बाईंचा चेहरा असा उजळला की मी आल्यावर तो थर्टी वॅटचा होता हे मला तेव्हा कळलं.

पुढे आणखी घडलं. बोलता बोलता बशीत बदामाचं एकच बिस्किट उरलं. मला भूक होती, बिस्किट समोर होतं, मी ते उचललं आणि खाल्लं. बाई रिकाम्या बशीकडे पाहत राहिल्या. वर आल्यावर हा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, शेवटचा तुकडा कुणी उचलतं का यार? आधी अर्धा करायचा, मग अर्ध्याचा अर्धा करायचा. शेवटी चिमटीभर उरला की तो तसाच ठेवायचा. आणि पहिल्याच हाकेला कोण जातं? तीनदा विचारल्याशिवाय हे लोक बोलावलं असं धरतच नाहीत. डिट्टो माझी आत्या."

"ही ढोंगबाजी आहे," मी म्हटलं. "भूक लागलेल्या माणसाने नको का म्हणावं?"

"कारण समोरच्याला आग्रह करायची भूक असते, क्रांतिवीरा. तीही भागवायला नको?"

याला माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. आग्रहाची चैन ज्यांना पहिल्यापासून पंगतीत जागा असते त्यांनाच परवडते, इत्यादी. पण तो तोवर घोरायला लागला होता. दुपारी एक वाजता!

त्यानंतर ऋतूंमागून ऋतू आले आणि प्रत्येक ऋतू त्याच्याच बाजूने उभा राहिला. शरद ऋतूत चर्चच्या हॉलमध्ये वाळवलेल्या माशाचं जेवण असे. तो मासा आधी बरेच दिवस क्षाराच्या पाण्यात भिजवतात आणि मग तो थरथरत पानात येतो. मी प्रामाणिकपणे म्हणालो की याला धुण्याच्या सोड्याचा वास येतो. हा दोनदा नको म्हणाला आणि नंतर दोन ताटं रिचवून आचारी बाईंना विचारायला गेला की यात जरा मोहरी घातली तर? डिसेंबरातल्या काळोख्या सकाळी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गावातली मुलगी पांढऱ्या झग्यात केशराचे पाव वाटत हिंडते. तिच्यामागे चालणाऱ्या मुलींच्या मिरवणुकीत, सगळ्यात शेवटी, पांढरी चादर गुंडाळून आमचा सातारकर. उन्हाळ्यात फुलापानांनी सजवलेला उंच खांब मैदानात उभारतात आणि त्याभोवती मोठी माणसं बेडकासारख्या उड्या मारत नाचतात. सगळ्या म्हाताऱ्यांच्या मधोमध, फुलांचं कडं कपाळावर घसरलेलं, सगळ्यात उंच उडणारा बेडूक कोण, हे मी सांगायला नको. मी कुंपणाशी त्याचाच कॅमेरा धरून उभा. मला बोलावलं नाही असं नाही. बोलावलं. एकदा. मी म्हटलं, "नको, मी बघतो." आणि त्यांनी मला बघू दिलं.

हा रविवारी चर्चलासुद्धा जायचा. मी म्हटलं, "तुझा विश्वास आहे का?" तर म्हणे, "कॉफीवर आहे." मी बौद्ध घरातला, बुद्धिवादी, मी जात नसे. पण तिथून परतताना बाई त्याचा हात धरून बर्फातून जपून पावलं टाकत येत आणि मी वरच्या खिडकीतून ते पाहत असे. माणसाने तत्त्वाला धरून राहावं हे मला आजही पटतं. फक्त तत्त्व हात धरून बर्फातून घरी आणत नाही, ही त्याची एक उणीव आहे.

कहर झाला तो घोड्याचा. एके दिवशी दारावरच्या बाईंच्या मोठ्या घोड्याखाली एक चिमुकला लाल घोडा टांगलेला दिसला, आणि त्यावर याचं आडनाव. बाईंनी स्वतः रंगवलेलं. मला त्यांनी विचारलं, "तुझ्यासाठी एक करू?" मी म्हटलं, "नको. आमच्याकडे दारावरचं आडनाव वाचून ठरवतात, माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की बाहेरूनच पाणी द्यायचं. मला दारावर आडनाव नको." बाई म्हणाल्या, "बरं." पुन्हा विचारलं नाही. मी बोललो ते शब्दन्‌शब्द खरं होतं. तरी रोज येता-जाता त्या लाल घोड्याकडे मी खाऊ का गिळू असं पाहत असे, हेही तितकंच खरं.

आणि एका रविवारी तर बाई सांगत होत्या की त्यांचे आजोबा आले तेव्हा इथे सगळी रिकामी जमीन होती. मी म्हटलं, "रिकामी नव्हती. इथे माणसं राहत होती. त्यांना आधी हाकललं." बाईंनी कप खाली ठेवला. यानेच "मावशी, पाव आज एकदम फर्स्ट क्लास" म्हणत गाडी रुळावर आणली. त्याच दिवशी बाईंनी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. नवऱ्याच्या! तीनदा सांगितलं अर्थातच. आणि तो बसला. मला खरं काय हवं होतं ते मला त्या क्षणी कळलं. पाव नको होता, घोडा नको होता. त्या टेबलाशी कुणीतरी मलाही "बस" म्हणावं आणि मी नको म्हटल्यावर गप्प न बसता पुन्हा म्हणावं, एवढंच.

मग दोन हजार साल येणार म्हणून जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरना घाम फुटला आणि कंपन्या मिळेल त्या पोराला उचलू लागल्या. याला दूर पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूला नोकरी लागली. निघताना बाई पावांचा डबा घेऊन उभ्या. हा दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने तो घेतला. डबा छातीशी धरून तो गाडीत बसला आणि काच खाली करून मला ओरडला, "क्रांतिवीरा, खुर्ची सांभाळ!"

मनातून मी खूश होतो. आता मैदान मोकळं. पुढच्या रविवारी बाईंनी जिन्याखालून विचारलं, "कॉफी घेणार?" आणि मी, दोन वर्षं शिकवणी पाहिलेला विद्यार्थी, गोड आवाजात म्हणालो, "नको नको, तुम्हाला त्रास." आणि केस विंचरत दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो. हाक आली नाही. केसांचा भांग दोनदा बदलून झाला. शेवटी खाली गेलो तर बाई कॉफीची किटली धुऊन पालथी घालत होत्या.

"तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत," मी म्हणालो. तो सूर तक्रारीचा होता आणि मला तो लपवता आला नाही.

बाई चकित झाल्या. "तू नको म्हणालास."

"तोही म्हणायचा."

"त्याचं नको म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याचंही तसंच असे." त्यांनी हात पुसले. "पण तू बोलतोस तेच तुझ्या मनात असतं. या घरात असा माणूस पहिल्यांदाच आला. ती जमीन, तू म्हणालास ना, रिकामी नव्हती. मी पुष्कळ विचार केला. नव्हतीच." त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी किटली सरळ केली. "आता खरं सांग. घेणार?"

"हो," मी म्हटलं. एकदाच.

मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी देऊ केली नाही, मीही मागितली नाही. बदामाचं शेवटचं बिस्किट उरलं तेव्हा मी ते अर्धं केलं, बाईंनी त्या अर्ध्याचं अर्धं केलं आणि उरलेला तुकडा बशीत त्या खुर्चीसमोर तसाच राहिला. दोघांनी मिळून त्याच्याकडे पाहिलं. मला पुन्हा हेवा वाटला, पण या वेळी त्यात त्याची आठवणही मिसळली होती.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. बेलव्ह्यूला आपली माणसं ढीगभर, त्याने सांगितलं, दर वीकेंडला कुणाकडे ना कुणाकडे जेवण असतं, ऑफिसात तर फुकट खाणं. मग म्हणाला, "पण इथे सगळे एकदाच विचारतात रे. परवा नको म्हणालो तर प्लेटच उचलून नेली. उपाशी घरी आलो, यार." आणि तो हसला. त्याचं ते हसणं मी ओळखतो. त्यात हसू कमी असतं.

"ख्रिसमसला इकडे ये," मी म्हटलं.

"नको रे, कशाला उगाच."

"ये ना."

"नाही, खरंच नको. तिकिटं महाग, तुमची गडबड..."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. एकदा विचारावं, सरळ उत्तर घ्यावं आणि विषय संपवावा, हे माझ्या घराण्याचं बाळकडू. खाली बाई पाव भाजत होत्या आणि वेलदोड्याचा वास जिना चढून वर येत होता. दारावर, वाऱ्याने, त्याचा लाल घोडा टकटक करत होता. फोनच्या पलीकडे तो श्वास रोखून थांबला होता. दोन वर्षं त्याच्याबरोबर राहून एवढं मला नक्की कळत होतं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी तिसऱ्यांदा विचारलं.