हसू नका, हलू नका

आमच्या काकांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. तिथे आयुष्यभर त्यांनी लोकांना दोनच वाक्यं ऐकवली, "हसू नका" आणि "हलू नका." माणूस भला, पण कॅमेऱ्यामागे गेला की फौजदार. काकूचेसुद्धा घरातले सगळे फोटो नुकतंच पकडून आणल्यासारखे आहेत.

साथ आली आणि स्टुडिओला कुलूप लागलं. काकूची फुप्फुसं आधीच नाजूक, त्यामुळे डॉक्टरांनी तिला घराबाहेर पडायला बंदी केली. रोज सकाळी गावभर पायपीट करणारी बाई ती! बघता बघता तिने अंथरूण धरलं. पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून पडायची, दोन घास खाऊन ताट सारायची. कुणाशी बोलेना. काका हबकले. आम्हालाही धास्ती वाटायला लागली.

मग काका मास्क लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून काकूच्या रोजच्या वाटेने फिरायला लागले. तिला बाहेर नेता येत नाही, तर बाहेरचं तिच्यापुढे आणून ठेवू, असा बेत. पण हाताला वळण पासपोर्टचं! झाड खांद्यापासून वर. रिकामी बस समोरून, ऐन मध्यावर. कावळ्याचे दोन्ही कान दिसेनात म्हणून बराच वेळ खोळंबले.

फोटो बघून काकूला कितीतरी दिवसांनी कंठ फुटला. "अहो, या झाडाला परदेशी जायचंय का?"

"सरळ आलंय ना पण?" काका म्हणाले.

"उद्या पुलाखालची बदकं आणा. पाठमोरी चालतील. आणि बेकरीवाला बरा आहे ना, तेही बघा."

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. काका निघाले की ती खिडकीतून हुकूम सोडायची. जेवणही पोटभर व्हायला लागलं.

एका सकाळी काका खिडकीखालीच एका मांजरीपुढे उकिडवे बसले. "हनुवटी वर. हलू नकोस." मांजरीने शेपूट उडवली आणि ती चालती झाली. काका सवयीने म्हणाले, "हं, पुढचे या!"

वर काकू खो खो हसत सुटली. काकांनी कॅमेरा उचलला. "हसू नकोस" ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

तो फोटो हललेला आहे, खिडकी तिरकी, काकू पार कडेला. काढणाराच हसत होता, त्याला कोण काय करणार?

साथ ओसरली, स्टुडिओ उघडला. आता तो फोटो तिथे गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोरच टांगलाय. काका म्हणतात "हसू नका," आणि समोर बघून गिऱ्हाईक हमखास हसतं. काका मागे वळून फोटोकडे बघतात.

"घ्या, हसून घ्या एकदा," म्हणतात, "मग काढू."