डाव्या हातातली पिशवी

गाव सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर बाबांनी मला खिडकीजवळची जागा धरून दिली, पण पिशवी काही वर रॅकवर ठेवू दिली नाही. "पिशवी डाव्या हातात. उजवा हात दांडा धरायला मोकळा. खाली ठेवलीस की गेली म्हणून समज." गाडी सुटेपर्यंत ते हेच सांगत होते. मी नव्या नवऱ्याबरोबर मुंबईजवळच्या दिव्याला निघाले होते, आणि माया दाखवायची आमच्या घरची पद्धत हीच होती: कोणाकोणापासून जपून राहायचं ते सांगायचं. रिक्षावाला, घरमालक, शेजारीण. सर्वांत जास्त जपायचं ते फुकट काही देणाऱ्यापासून. "त्याला आधी विचार, तुला काय हवंय." पिशवीत बेसनाचे लाडू आणि दोन पातेली होती. चोराने नेली असती तर तोच पस्तावला असता.

भावंडांनो, तुम्ही गावाला राहिलात ते, आणि माझ्यासारखेच इकडे येऊन नालासोपाऱ्यापासून पनवेलपर्यंत पांगलात ते, तुम्ही सगळे मला संशयी म्हणता हे मला ठाऊक आहे. म्हणा. गावाला दार उघडं टाकून नदीवर जाणारी मी, इथे आधी दाराच्या भिंगातून बघते, मग साखळी लावून फटीतून बोलते. टँकरवाला "अर्ध्या तासात येतो" म्हणाला की मी गच्चीवर जाऊन तो खरंच निघाला का ते पाहते. दिव्यात माझा संसार या स्वभावावरच उभा राहिला. त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. माझी तनया गाइडच्या पथकात आहे. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी, तंबू, प्रथमोपचार, असं सगळं. एकेक पायरी पार केली की बिल्ला मिळतो, त्या पायरीला सोपान म्हणतात. यंदा तिचा तिसरा सोपान. पथक चालवतात त्या देवस्थळी बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, राहतात ठाण्याला नौपाड्यात, पण दर शनिवारी दिव्याला येतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्यापुढे डावा हात केला. माझ्या डाव्या हातात पिशवी. मी उजवा पुढे केला आणि दोघींचे हात हवेतच राहिले. बाई हसल्या. "आमच्याकडे डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. ढाल डाव्या हातात असते ना, ती बाजूला ठेवल्याशिवाय हा हात देता येत नाही. म्हणजे विश्वास." मी मान डोलावली. मनात म्हटलं, ढाल ठेवली की तलवार कोण काढतो, तेही बघायला लागतं.

बिल्ले द्यायच्या समारंभाला जागा नव्हती. शाळेच्या मैदानावर नवी इमारत उठत होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलींना झेंड्याभोवती घोड्याच्या नालेसारखं उभं करायचं तर मध्ये स्कूटर येत होत्या. बाईंनी पालकांना बोलावून स्पष्टच सांगितलं, "या वर्षी समारंभ झाला नाही तर पथक बंद होईल. मोठ्या मुली दहावीच्या क्लासला जातील आणि धाकट्यांना बघायला काही उरणार नाही." तनया घरी आली ती न जेवता झोपली. तिसऱ्या सोपानासाठी ती पावसाळाभर गॅलरीच्या गजाला गाठी मारत बसली होती.

तेवढ्यात म्हात्रेकाका उगवले. ते मूळचे इथले. टॉवर उठायच्या आधी भात लावणाऱ्या घरातले. दोन टॉवरांच्या मधोमध त्यांची एक मोकळी जमीन अजून आहे. ती ते द्यायला तयार होते, आणि फुकट.

पालक खूश झाले. माझ्या कानात बाबा बोलायला लागले. मी अटी घातल्या: बॅनर नाही, भाषण नाही, हार-तुरे नाहीत, कोणा नेत्याला बोलावणं नाही. काका प्रत्येक अटीला "चालंल" म्हणाले, आणि तेही इतक्या लगेच की माझी झोप उडाली. इतक्या लगेच तर माझा नवरासुद्धा हो म्हणत नाही. मग मी संध्याकाळी येता-जाता त्या जमिनीकडे लक्ष ठेवायला लागले. काकांनी गवत कापून घेतलं. मुलींना बांबू हवे होते, ते आणून टाकले. झेंड्याच्या काठीचा खड्डा स्वतः खणला. माणूस नुसता देत होता आणि काही मागत नव्हता. शेवटी मला राहवेना. मी सरळ जाऊन विचारलं, "काका, तुम्हाला यातून काय हवंय?"

त्यांनी पहार खाली ठेवली. रागावले नाहीत. "ताय, तूच एकली इचारलंस," ते म्हणाले. "भावांना ही जमीन इकायची हाय. मना इकायची नाय. सातबाऱ्यावर आमी समदी हाव, भांडन नाय, पन घाई हाय त्यांना. मोकली दिसतंय म्हनून बिल्डर येतंय. पोरी हितं दर शनवारी उभ्या रायल्या, झेंडा लागला, तं त्यांना जरा लाज वाटंल. एवराच माझा सवार्थ."

म्हणजे माझा संशय खरा निघाला. मुलींना पुढे करून हा माणूस मागे उभा राहणार होता. मला खूप राग आला. पण त्या रागाखाली दुसरंच काही दुखत होतं, तेही सांगते. आपल्या घरामागचा माळ आठवतो ना? बाबा गेल्यावर तो विकला गेला. मला कळलं तेव्हा कुंपण घालून झालं होतं. तुम्हाला बोल लावत नाही. मी इथे होते, तुमच्यातले निम्मे दुसरीकडे होते, आणि माळावर गुरंसुद्धा चरत नव्हती. मोकळी जागा होती, गेली. त्या दिवशी त्या माळावर चार पोरं खेळत असती तर कदाचित कोणीतरी थांबलं असतं. हे मी तेव्हा फोनवर बोलले नाही, आज बोलते.

मी काकांना म्हटलं, "हे सगळ्यांना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन." ते शनिवारी पालकांच्या बैठकीला आले आणि जसं मला सांगितलं तसंच उभं राहून सांगितलं. मग एकजण म्हणाला, "घरगुती भानगड आहे, कशाला पडायचं त्यात?" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. देवस्थळी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी खोट काढणार याची खात्री होती त्यांना. मी म्हटलं, "काकांना काय हवंय ते त्यांनी तोंडावर सांगितलं. इतकी वर्षं मी इथे राहते, असं सांगणारा मला पहिलाच भेटला. समारंभ तिथेच करू या." आणि गंमत बघा, कोणी पुढे वादच घातला नाही. ही हो म्हणते म्हणजे सगळी चौकशी झालेली असणार, असं ते धरून चालले. माझ्या संशयाला दिव्यात एवढी पत आहे हे मला तेव्हा कळलं.

समारंभ सकाळी झाला. मुलींनी बांबूची कमान बांधली होती, आणि तिची एक गाठ सैल आहे हे मला लांबूनही दिसत होतं. मुली नालेच्या आकारात उभ्या राहिल्या, तनयाने दोरी ओढली, झेंडा उलगडला आणि आतल्या झेंडूच्या पाकळ्या तिच्याच डोक्यावर पडल्या. बाईंनी बिल्ला लावून तिचा डावा हात हातात घेतला तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काकांचे दोघे भाऊ भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे होते. शेवटी मुली पाहुण्यांकडे गेल्या, त्यांच्याकडेही गेल्या, आणि डावे हात पुढे केले. भाऊ गोंधळले. मग एकाने घडी सोडली. दुसऱ्याने नाही सोडली. जमीन राहील की जाईल हे मला माहीत नाही, आणि राहील असं मी कोणाला सांगणार नाही. शनिवारची परेड मात्र आता तिथे सुरू झाली आहे.

सगळे पांगल्यावर म्हात्रेकाका माझ्याकडे आले. मुलींचं बघून शिकले होते. त्यांनी डावा हात पुढे केला. माझ्या डाव्या हातात नेहमीप्रमाणे पिशवी, त्यात तनयाचा डबा आणि पाण्याची बाटली. उजव्या हातात घेता आली असती. पण मला ती खाली ठेवावीशी वाटली. ज्या दिवशी गाव सोडलं त्या दिवसापासून असं वाटलं नव्हतं. घर कुठे, असं कोणी विचारलं की मी अजून आपल्याच गावाचं नाव सांगते. यापुढेही तेच सांगेन बहुतेक. पण मी पिशवी त्या कापलेल्या गवतात ठेवली आणि हात दिला.

बाबा असते तर त्याच संध्याकाळी फोन केला असता. म्हटलं असतं, बाबा, आज पिशवी खाली ठेवली. काळजी करू नका, पिशवीचा बंद चपलेखाली दाबून धरला होता.