दाराशी दोन पोती

माझ्या आईचा तांदूळ कोंबड्या खात होत्या आणि मी बघत उभी होते.

तेव्हा मी नऊ वर्षांची. कोळवणला पार्टीचं शिबिर होतं, भाऊंच्या शेतावर. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पार्टीचे पुढारी. पाणी प्यायला मी घराच्या मागे गेले, तर भाऊंची बायको, जिला सगळे काकी म्हणत, एका पोत्यातला तांदूळ सुपात घेऊन कोंबड्यांपुढे फेकत होती. भाऊ शेजारीच उभे होते.

"वाडीवाल्यांचं हाय. आपल्या भातात नगं," काकी म्हणाली.

भाऊ म्हणाले, "नगं तर नगं. पर त्यांच्या म्होरं न्हाई. हितंच मागं उरक."

मग ते पुढच्या अंगणात गेले आणि समतेवर तासभर बोलले. फार छान बोलले.

पार्टीची एक रीत होती. शिबिराला येणाऱ्या प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणायचा. दाराशी पोत्यात टाकायचा, नावाआधी 'साथी' लावून आपलं नाव सांगायचं आणि आत यायचं. सगळ्यांचा तांदूळ एका पातेल्यात शिजणार, तोच सगळ्यांनी एका पंगतीत खायचा. मोठ्या पक्षातून फुटून पार्टी निघाली, तेव्हापासूनची ही रीत. नंतर पार्टी स्वतःच तीनदा फुटली, झेंडा बदलला, निवडणुकीची खूण बदलली. रीत टिकली.

दाराशी पोती मात्र दोन असायची. आम्हा वाडीवरच्या कातकऱ्यांना डावीकडचं दाखवायचे. मला वाटलं होतं, एक भरलं तर दुसरं असावं म्हणून ठेवलं असेल. एवढी मी शहाणी.

आता तो तांदूळ कसा यायचा ते सांगते. आम्हाला शेत नव्हतं. कापणी उरकली की दुसऱ्यांच्या खाचरात पडलेल्या लोंब्या आई वेचायची. सरवा म्हणतात त्याला. दिवसभर वाकून ओंजळभर भात हाती लागायचा. तो उखळात कांडायचा, पाखडायचा, आणि त्यातला न तुटलेला तांदूळ शिबिरासाठी वेगळा बांधून ठेवायचा. आम्ही पोरं रडलो तरी ती गाठ सुटायची नाही. घरात आंबील, पार्टीला तांदूळ.

त्या दिवशी पंगतीत आई शेजारणीला म्हणत होती, "ह्यात आपला बी हाय बरं का." तिचा चेहरा असा फुलला होता की मी पाहिलेलं तिला सांगितलं नाही. मी खाली मान घालून जेवले. दोनदा भात मागून घेतला. भूक होती. त्याची लाज मला अजून वाटते. काकीला कसलीच वाटली नाही.

पुढे मी पार्टीचीच पूर्णवेळ कार्यकर्ती झाले. लोक विचारतात, का? वाडीला वनजमिनीचे प्लॉट मिळाले ते पार्टीच्या मोर्च्यांमुळे. पौडच्या कचेरीपुढे आई उन्हात बसली, पोलिसांच्या गाडीत चढली, तुरुंगात राहिली. हे खोटं नाही, आणि मी ते खोटं म्हणणार नाही. पण लाठी खायला आम्ही पुढे, फोटोत आम्ही मागे. सतरंज्या घालायच्या आम्ही, बसायचं त्यांनी. हे सगळं दिसत होतं आणि मी गप्प होते. वर्षानुवर्षं गप्प.

भाऊ गेले. त्यांचा मुलगा माण गावात राहतो, आयटीतल्या पोरांना खोल्या भाड्याने देतो. गेल्या वर्षी त्याने पार्टीचा इतिहास लिहायला घेतला. मोबाइल घेऊन वाडीत आला, आईचं बोलणं रेकॉर्ड केलं. आईने सांगितलं, "आमचा तांदूळ त्यांच्या पातेल्यात शिजला, बाबा. तवापासनं आमी मानसांत आलो."

मी बाजूलाच बसले होते.

छापण्याआधी त्याने मला आईच्या बोलण्यावरचं प्रकरण वाचायला दिलं. नाव होतं 'एक पातेलं'. मी त्याला गाठून दोन पोत्यांचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, तू तेव्हा केवढी होतीस? आणि असलं छापून फायदा कुणाचा? आधीच आपली माणसं किती उरलीत. तू प्रकाशनाला दोन शब्द बोल. आईंना शाल देऊ, छान प्रोग्रॅम होईल."

प्रकाशन पौडला झालं. दाराशी चकचकीत पातेलं मांडलं होतं, आलेल्या प्रत्येकाने मूठभर तांदूळ टाकायचा. फोटोवाला तयार होता. आईने पदराची गाठ सोडली. सरवाच होता, या वयातही वेचून आणलेला. तो टाकून तिने खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला शाल दिली, पहिल्या रांगेत काकीच्या शेजारी बसवलं.

मग मला बोलावलं. मी आईकडे पाहिलं. आता बोलले तर ती मोडेल. नाही बोलले तर ते पान कायमचं खरं होईल, आणि उद्या वाडीतली पोरं तेच वाचतील.

मी म्हणाले, "दाराशी पोती दोन होती. आमचा तांदूळ पातेल्यात कधी शिजला नाही. तो कोंबड्यांना घातला. मी डोळ्यांनी बघितलंय. घालणारी बाई समोर बसली आहे."

काकी बसल्या जागेवरून म्हणाली, "कोंबड्यांनी खाल्ला न्हवं? वाया कुटं गेला?"

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी दोघे-तिघे हसले. सगळे साथी.

मी खाली उतरले, आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि एकटी चालू लागली. जीपमध्ये ती माझ्याकडे पाठ करून बसली. वाडीत उतरल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्यापाशी तेवढंच व्हतं. ते बी तू न्हेलंस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझ्या हातचं जेवतही नाही.

पार्टीने मला पत्र पाठवलं आहे. माफी मागा, नाहीतर राजीनामा द्या. मी दोन्ही करणार नाही. ज्या पार्टीसाठी माझी आई तुरुंगात गेली ती त्यांच्या बापाची नाही. माझा राग खरा आहे, आणि तो मी आता गिळणार नाही.

मी वाड्यावाड्यांतून फिरते आहे. डावीकडच्या पोत्यात ज्यांनी ज्यांनी मूठ टाकली त्या बायकांची नावं लिहून घेते आहे. काही शिव्या देतात, काही रडतात, एकीने अंगावर पाणी फेकलं. नावं मात्र सांगतात. पुढच्या शिबिराला दाराशी मी उभी राहीन. पोतं एकच असेल. ते घेऊन चुलीपर्यंत मीच जाईन, आणि भात शिजेपर्यंत तिथून उठणार नाही. मला उठवायचं असेल तर फरफटत न्यावं लागेल, तेही सगळ्यांच्या देखत, घराच्या मागे नाही.

आई येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी उभी राहणार.